पाचव्या रविवारची शांती

आमच्या धुळ्याच्या मंडळीत हात वर करून कधी काही ठरत नसे. मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि चर्चची माणसं. दोन्हींना आम्ही हाच शब्द वापरतो. छपराचे पत्रे बदलायचे असोत की नाताळच्या जेवणात भात करायचा की पुऱ्या एवढाच प्रश्न असो, सात पंच वेदीमागच्या खोलीत बसत, बोलत, मग गुडघे टेकत. सातही जणांचं एकमत होईपर्यंत ते काम जागचं हलत नसे. बाहेरच्यांना हे ऐकून फार छान वाटतं. माझ्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या होत्या, "किती बरं हो, तुमच्यात भांडणं नाहीत." मी म्हटलं, आहेत की, फक्त आम्ही ती गुडघ्यांवर बसून करतो.

ही पद्धत पडायला कारण होतं. मी लहान असताना एकदा मंडळीत मतं घेतली होती, तेव्हाच्या पाळकांना ठेवायचं की बदलायचं यावर. चार मतांनी एक बाजू जिंकली आणि पुढची दोन वर्षं एकाच इमारतीत दोन उपासना चालल्या. सकाळची जिंकलेल्यांची, दुपारची हरलेल्यांची. माझी आई सकाळी जायची आणि तिची सख्खी बहीण दुपारी. दोघी फाटकात समोरासमोर आल्या तरी एकमेकींना सलाम करत नसत. ते सगळं निवळल्यावर मोठ्या माणसांनी ठरवलं की पुन्हा मतदान म्हणून नाही.

मग हे सुरू झालं. आधी प्रश्न मांडायचा, ज्याला जे बोलायचं ते बोलून घ्यायचं. मग प्रत्येकाने आपल्या खुर्चीकडे तोंड करून सतरंजीवर गुडघे टेकायचे, कोपरं खुर्चीवर, डोळे मिटलेले. वयाने सर्वांत लहान पंचाने आधी प्रार्थना करायची आणि सर्वांत थोरल्याने शेवटी. त्यानंतर थोडा वेळ गप्प राहायचं आणि मग उलट्या क्रमाने, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, एकेकाने सांगायचं: मला शांती आहे, किंवा मला शांती नाही. सातांपैकी एकालाही शांती नसली तर विषय पुढच्या रविवारी. कारण विचारायचं नाही. देवाने ज्याच्या मनात अडखळ घातली त्याला जाब कोण विचारणार, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. मी आजही त्याला नावं ठेवत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी पंच झाले. मंडळीतली पहिली बाई पंच म्हणून माझं कौतुक झालं, टाळ्या झाल्या, आणि त्याच बैठकीत इतिवृत्ताची वही माझ्या हातात आली, कारण माझं अक्षर चांगलं. वयाने मीच सगळ्यांत लहान. म्हणजे प्रार्थना सर्वांत आधी माझी आणि उत्तर सर्वांत शेवटी. वहीत शेवटचं वाक्य दोनपैकी एक लिहायचं असे. सगळे हो म्हणाले तर "सर्वांस शांती", नाहीतर "प्रभूची वाट पाहावी".

तेव्हा मी पारोळ्याच्या शाळेत शिकवत होते आणि धुळ्याहून रोज अप-डाऊन करत होते. सकाळी एसटीत उभं राहून जायचं, संध्याकाळी उभं राहूनच यायचं, घरी दोन मुली आणि सासूबाई. आठवड्यातून एक रविवार मिळायचा, त्यात दहा ते बारा उपासना आणि मग पंचांची बैठक. अडीच-तीनच्या आत ती उठली असं मला एकदाही आठवत नाही. याचं बरंचसं श्रेय नानांना. नाना म्हणजे आमचे सर्वांत थोरले पंच, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची प्रार्थना पारोळ्याच्या एसटीसारखी प्रत्येक फाट्यावर थांबायची. पाऊसपाणी, सरकार, आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, सगळ्यांना आत घेऊन मगच ती पुढे निघायची.

त्या खोलीच्या मागे अंगण होतं, अंगणात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली एक खोली. तिथे अक्का राहायच्या. अक्का बायबलबाई होत्या, म्हणजे गावोगाव चालत जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवणारी बाई. पारोळा, दोंडाईचा, त्यांच्या आजूबाजूची खेडी त्यांनी चपला झिजवून पालथी घातली होती. काम थांबलं तसं मंडळीने त्यांना ती खोली दिली. मला आठवतं तेव्हापासून त्या तिथेच. छापलेलं झरझर वाचायच्या, पण हाताने लिहिलेलं पत्र आलं की माझ्याकडे यायच्या. लग्न केलं नव्हतं. नात्यातलं म्हणून एक बहिणीचा मुलगा, तो असोद्याला, जळगावजवळ.

मुलांची रविवारची शाळा अक्काच घ्यायच्या. प्रार्थनेला बसवलं की आम्ही पोरं खोटंखोटं डोळे मिटून एकमेकांना चिमटे काढायचो, आणि मी तर बऱ्याचदा खरंच पेंगायची. एकदा त्यांनी मला पकडलं. मला वाटलं, आता मार बसणार. त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "देवले खोटं सांगू नको माय. झोप येल शे तं तसं सांग. देवा, माले झोप येल शे. तेबी प्रार्थनाच शे." त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना केली आणि त्यांच्या मांडीवर झोपले.

आता हे सगळं ज्यावरून सुरू झालं ती गोष्ट माझीच होती, हे आधी सांगून टाकते. मंडळीने बालवाडी काढावी ही सूचना मी मांडली. शेजारच्या वस्तीतल्या आया सकाळीच कामाला जायच्या आणि लेकरं रस्त्यावर असायची. सगळ्यांना पटलं. पहिल्याच रविवारी सर्वांस शांती. माझ्या डोळ्यांपुढे चर्चचा व्हरांडा होता. पण व्हरांडा उन्हाचा, पावसाचा, शिवाय रस्त्याला लागून. जागेवर घोडं अडलं. मग एका रविवारी पाळकसाहेब चाचरत म्हणाले की अंगणातली खोली आहे.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. कृश, भिडस्त, कोणाला दुखवायचं जिवावर यायचं त्यांच्या. त्यांनी मांडलेल्या गोष्टीही खोट्या नव्हत्या. अक्कांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. हिवाळ्यात एकदा त्या स्टोव्ह पेटता ठेवून फाटकाशी कोणाशी बोलत उभ्या राहिल्या आणि आत दोरीवरचं लुगडं जळलं. असोद्याच्या भाच्याचं पत्रही आलं होतं, मावशीला माझ्याकडे पाठवा, मी सांभाळतो. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलांना जागा मिळेल, अक्कांना माणसं मिळतील. ऐकताना कुठेच काही खटकत नव्हतं.

आम्ही गुडघे टेकले. प्रार्थना झाल्या. नाना म्हणाले, शांती आहे. एकामागून एक आणखी पाच जण म्हणाले, शांती आहे. मग माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "मला शांती नाही."

मी वहीत लिहिलं, प्रभूची वाट पाहावी. तेवढ्यात दार ढकलून अक्का चहा घेऊन आत आल्या.

पंचांचा चहा अक्काच करायच्या. नानांची प्रार्थना संपत आली की त्यांना अंगणातून कळायचं, की लगेच त्या चहा गाळायला घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कप दिले आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "व्हयनं का एकमत?" मी म्हटलं, "नाही हो अक्का." त्या म्हणाल्या, "व्हई, व्हई. मी प्रार्थना करी राहिनू." पंच आत बसले की त्या आपल्या खोलीत गुडघे टेकून आमच्या एकमतासाठी प्रार्थना करायच्या. कितीतरी वर्षांचा त्यांचा नेम होता. विषय कोणता हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि बैठकीतलं बाहेर सांगायचं नाही हा आमचा नियम होता.

दुसऱ्या रविवारी मी विचारलं, "अक्कांना कोणी विचारलंय का?"

पाळकसाहेब म्हणाले, "आधी आपलं एकमत होऊ द्या ताई. मग सांगूच. उगीच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला?"

"पण विचारणं आणि सांगणं यात फरक आहे."

नाना म्हणाले, "आपण देवाला विचारतोय, बाई."

देवाला विचारलं की बाकी कोणाला विचारायची गरज उरत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं आणि मी मनातून चिडले. पण चिडून मी तरी काय केलं? उठून अंगण ओलांडून अक्कांना सांगायला दहा पावलंही लागली नसती. नियम नियम करत मी ती टाकली नाहीत. मला शांती नाही एवढंच म्हणून मी वही मिटली.

तिसऱ्या रविवारी ते माझ्यासाठी प्रार्थना करू लागले. ज्यांना हा अनुभव नाही त्यांना मी सांगू शकणार नाही तो कसा असतो. तुम्ही डोळे मिटून बसलेले असता आणि तुमच्याच शेजारचा माणूस देवाला सांगतो, "हे प्रभू, आमच्या बहिणीच्या मनातला अडथळा दूर कर." दुसरा म्हणतो, "तिला नम्र हृदय दे." तिसरा म्हणतो, "तिच्यावर घरचा, नोकरीचा भार आहे, तो हलका कर." उलटून बोलायची सोय नाही, कारण ते तुमच्याशी बोलतच नाहीत. सगळं मायेने चाललेलं. कारण विचारायचं नाही हा नियम कोणीही मोडला नाही. फक्त माझं नाव आता आजारी माणसांच्या यादीत गेलं होतं.

चौथ्या रविवारच्या आधी पाळकसाहेब आणि त्यांच्या बाई आमच्या घरी येऊन गेले. चहा झाला, मुलींची चौकशी झाली, अक्कांचा विषय शब्दाने निघाला नाही. जाताना त्यांच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "जूनला बालवाडी सुरू झाली असती तर वस्तीतल्या लेकरांचं किती बरं झालं असतं." ते गेल्यावर आमचे हे म्हणाले, "अगं, देऊन टाक ना एकदाची शांती त्यांना." ते थट्टेने म्हणाले होते. मी हसलेसुद्धा. चौथ्या रविवारीही मी नाही म्हणाले, पण आवाज आधीसारखा निघाला नाही.

मग पाचवा रविवार आला. एप्रिल सुरू होता आणि धुळ्याचं ऊन भाजून काढत होतं. शाळेच्या वार्षिक परीक्षा चालू होत्या, पेपरांचे गठ्ठे घरी आणलेले. त्यात धाकटीला कांजिण्या आल्या. तीन रात्री ती खाजवून खाजवून रडत होती आणि मी तिचे हात धरून बसले होते. रविवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, आज नको जाऊस. मी नसले तर सहांचं एकमत होऊन जाईल, या भीतीने मी गेले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

खोलीत पंखा एकच आणि तो गरम वारा खाली ढकलत होता. चर्चा फार झाली नाही, बोलायचं काही उरलंच नव्हतं. आम्ही गुडघे टेकले. पहिली प्रार्थना माझी. मी काहीतरी म्हटलं, दोन वाक्यं असतील. मग दुसऱ्या पंचांनी सुरुवात केली. मी कपाळ खुर्चीच्या वेतावर टेकवलं. तिसरे सुरू झाले ते आठवतं. त्यांनी कोणासाठी प्रार्थना केली ते आठवत नाही, आणि नानांची प्रार्थना तर मी ऐकलीच नाही.

"ताई?"

पाळकसाहेबांचा आवाज होता. सहा जणांचं सांगून झालं होतं आणि सगळे थांबले होते. मी डोकं वर केलं. आणि त्या क्षणी मला इतकं हलकं वाटत होतं! महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं. डोकं थंड, अंग सैल, मनात कसलाही तंटा नाही. मला वाटलं, हीच ती. हिलाच म्हणतात.

"शांती आहे," मी म्हणाले.

कोणीतरी "प्रभूची स्तुती असो" म्हणालं. नानांनी डोळे पुसले, खरोखर पुसले. मी वही उघडून सर्वांस शांती असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. वेताचे वळ माझ्या कपाळावर उमटले होते, ते मला घरी गेल्यावर आरशात दिसले.

अक्का चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. चहा झाल्यावर पाळकसाहेब, नाना आणि मी त्यांना सांगायला गेलो. मला सोबत घेतलं, कारण अक्का माझं ऐकतात. पाळकसाहेबांनी सगळं नीट, हळू आवाजात सांगितलं. बालवाडी, स्टोव्ह, भाच्याचं पत्र. अक्का खाटेच्या कडेला बसून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "बठ्ठासले शांती शे?"

"सर्वांना," पाळकसाहेब म्हणाले.

मग अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. चांगल्या डोळ्याने, जरा मान वळवून. "तुले बी?"

"हो अक्का."

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग माले बी शे." आणि कप विसळायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत, फागणे मागे टाकून पारोळ्याकडे जाताना, मला कळलं की माझ्या मनात शांती वगैरे काही नाही. मला फक्त झोप लागली होती. पाच-दहा मिनिटं गाढ झोप, तीन रात्रींनंतर. बाकीच्या सहांचंही काही वेगळं होतं असं मला वाटत नाही. तेही पाच रविवार थकलेच होते. पण मी झोपले होते ते झोपलेच होते. परत जाऊन सांगावं असं मनात आलं. पण मग पुन्हा गुडघे, पुन्हा नानांची प्रार्थना, पुन्हा माझ्या मनातला अडथळा. माझ्या अंगात तेवढा जोर नव्हता. इतक्या साध्या कारणाने मी गप्प बसले, याची लाज मला तेव्हाही वाटली आणि आजही वाटते.

अक्का मे महिन्यात असोद्याला गेल्या. मंडळीने त्यांना लुगडं आणि चादर दिली, गीतं म्हटली. मी हजर होते आणि मागच्या बाकावर बसले होते. जूनला बालवाडी सुरू झाली. छान चालली. वीस-बावीस लेकरं कडुनिंबाखाली गाणी म्हणायची आणि सगळे मला म्हणायचे, ताई, तुमची कल्पना. पंचांचा चहा आता कोपऱ्यावरच्या टपरीवरून येऊ लागला.

असोद्याला जाऊ जाऊ म्हणत पावणेदोन वर्षं गेली. कधी परीक्षा, कधी मुलींची आजारपणं. कारणांना तोटा नव्हता. खरं कारण एकच होतं, मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. शेवटी भाच्याचं कार्ड आलं, मावशी आठवण काढतात, तब्येत बरी नसते. ते कार्ड वाचून मी दुसऱ्याच रविवारी उपासना बुडवून जळगावची गाडी पकडली आणि जळगावहून असोद्याची.

भाचा केळीच्या बागेत मुकादम होता. घर बौद्ध होतं, दोन खोल्यांचं, लख्ख सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं आणि हसून म्हणाली, "मावशी रोज दुपारी बोलत बसतात. पहिल्यांदा वाटलं कोणी पाहुणं आलं. मग समजलं, देवाशी बोलतात. आम्ही रेडिओ बंद करतो तेवढा वेळ." दोनदा तिने नवऱ्याला सांगून त्यांना जळगावच्या चर्चलाही पाठवलं होतं. मग अक्कांच्याने एसटीची पायरी चढवेना. त्या बाईच्या वागण्यात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. खोटं कशाला, मी शोधत होते.

अक्का आत खाटेवर होत्या. फार वाळल्या होत्या. दुसऱ्या डोळ्यातही आता मोतीबिंदू उतरला होता, पण आवाजावरून मला ओळखलं. खाटेवर जागा करून बसवलं, मुलींची नावं घेऊन चौकशी केली. मी विचारलं, "अक्का, इथे बरं आहे ना?"

"बेस शे. पोरगा गुणना शे. सून ऊन ऊन भाकर देस." मग म्हणाल्या, "पन आमेन म्हनाले कोनी नही माय. मी प्रार्थना करस आनि मीच आमेन म्हनस."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या प्रार्थनांना आमेन म्हणण्यात गेलेली बाई. मी म्हटलं, "अक्का, मी पंचांना सांगते. तुम्ही परत चला. खोली..."

"खोलीमा पोरे शेत ना?"

"आहेत."

"किती?"

"वीस-बावीस."

"मंग आते त्या पोरेसले कोठे काढशी?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो विषय त्यांनी तिथेच मिटवला.

बाहेर सून भांडी घासत होती. मग अक्कांनी अगदी सहज, मुलीचा ताप उतरला का असं विचारावं तसं विचारलं, "त्या दिनले तुले झोप येल व्हती ना वं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी दारमा उभी व्हती चहा लिसनी. बठ्ठा शांती शे, शांती शे म्हनी राहिंतात, आनि तू बारीक घोरी राहिंती." त्या हसल्या. "कपाळ खुर्चीवर टेकेल. लहानपनी झोपे तशीच."

"अक्का, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"चार लोकेसमा तुले कशी उघडी पाडू? आनि तुनी झोप मोडाले मना जीव नही व्हयना."

त्यांना तेव्हाच माहीत होतं. नंतर खाटेवर बसून त्यांनी मला "तुले बी?" म्हणून विचारलं, तेव्हाही माहीत होतं. सातांमधल्या कोणाला नव्हे, फक्त मलाच विचारलं होतं त्यांनी. त्यांच्या त्या बघण्यात मला मोकळं व्हायला पुरेसा वेळ होता, आणि मी म्हणाले होते, हो अक्का. मी त्यांच्या खाटेच्या कडेवर डोकं टेकवून रडले, चांगली हमसून रडले. सून दाराशी येऊन बघून गेली.

अक्कांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "प्रार्थना कर."

गुडघे टेकले. सारवलेली जमीन थंड होती. पंचांच्या खोलीत इतक्या वर्षांत मी मोठमोठे शब्द शिकले होते, कृपा, मार्गदर्शन, तुझी इच्छा. त्यातला एकही आठवला नाही. मी म्हटलं, "देवा, त्या दिवशी मला झोप आली होती. शांती नव्हती. मी अक्कांशी खोटं बोलले. मी फार थकलेय."

पुढे काही सुचेना.

"आमेन," अक्का म्हणाल्या. मोठ्याने, रविवारच्या शाळेत म्हणायच्या तसं, बाहेर सुनेला ऐकू जाईल एवढ्याने. "आते खरं बोलनी."

मग त्यांनी मला परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी म्हटलं, आहे अजून वेळ. त्या सरकून भिंतीला टेकल्या, मांडी घातली आणि आपल्या मांडीवर दोनदा थोपटलं. माझ्या डोक्यात तेव्हा पांढरे केस दिसू लागले होते. पण मी डोकं ठेवलं. अक्का प्रार्थना करू लागल्या, पाळकसाहेबांसाठी, नानांसाठी, बालवाडीतल्या एकेका लेकराचं नाव माहीत नसल्याने सगळ्यांसाठी एकदम. मला आमेन म्हणायचं होतं, त्यासाठी मी जागी राहायचा पुष्कळ प्रयत्न केला.